बाबा झोपलेत, बोलू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं, ते लिहिताना थोडं वाढवलं आहे.)



आजचा विषय लहान लेकरांचा आहे. जन्मल्यापासून पहिलीत जाईपर्यंतची लेकरं. ह्या विषयावर मी बोलतो असं बैठकीत म्हटलं, तेव्हा महिला मंडळाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण तर म्हणाली, "दादा, तुम्ही कधी पोराचं दुपटं बदललंय का?" प्रश्न बरोबर आहे. माझ्या स्वतःच्या दोन लेकरांचं मी एकदाही बदललं नाही. नातीचं बदललं, तेही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. ज्यानं केलं त्याचं तर ऐकावंच. पण ज्यानं केलं नाही आणि त्याची किंमत लेकराला मोजायला लावली, त्याचंही एकदा ऐकावं, म्हणून मी उभा आहे.

मी शिकलेला माणूस नाही. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. संप लांबला, घरातलं सगळं विकून झालं आणि आम्ही बिऱ्हाड उचलून गावी आलो. नववीत माझी शाळा सुटली. पुढं जे वाचलं ते विहाराच्या कपाटातलं आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. १९९० साली मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत लागलो, रिंग फ्रेम खात्यात. अजून तिथंच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण ह्याच कामातले आहेत, त्यांना सांगायला नको. रिंग फ्रेमवर माणूस माणसाशी तोंडानं बोलत नाही. बोललेलं ऐकूच येत नाही. बोटानं खूण करायची, समोरच्याच्या ओठांकडं बघायचं, झालं. आठ तास असं काढून बाहेर आलं की कानात मशीन चालूच असतं. घरी गेल्यावर कुणी बोललं तरी नको वाटतं.

१९९३ ला माझं लग्न झालं. १९९५ च्या शेवटाला थोरली झाली. दहा बाय बाराची खोली, त्यातच मोरी, त्यातच चूल. आठवडा पहिली पाळी, आठवडा दुसरी, आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी येऊन मी जे पडायचो ते दुपारपर्यंत. आता सांगा, तान्हं लेकरू काय घड्याळ बघून रडतं का? ते रडलं की मी खेकसायचो. मग आमच्या घरचं माणूस लेकराला घेऊन दारात जाऊन बसायचं. उन्हाळ्यात दाराबाहेर सावली नव्हती. ती शेजारच्या भिंतीच्या पट्ट्याएवढ्या सावलीत बसायची, आणि सावली सरकली की तिच्याबरोबर सरकायची. हे मला तिनं वीस वर्षांनी सांगितलं.

एकदा तर मी झोपेतून उठून पाळण्याची दोरी हिसडली. लेकरू आत होतं. पडलं नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या खोलीत मोठ्यानं बोलणं बंद झालं. भांडं पडू द्यायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, अंगाई म्हणायची ती ओठातल्या ओठात. मला वाटायचं, घराला चांगली शिस्त लागली. मित्रांनाही मी कौतुकानं सांगायचो, आमची पोरगी फार गुणाची, रडतच नाही.

ती तीन वर्षांची झाल्यावर तिला अंगणवाडीत घातलं. महिनाभरानं, म्हणजे १९९९ चा जानेवारी असेल, अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. मी रात्रपाळी करून झोपलो होतो. दार पोरीनं उघडलं. ओठावर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "बाबा झोपलेत, बोलू नका."

बाईंनी मला उठवलं. म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. तुमच्या मुलीला एवढं एकच वाक्य येतं. भूक लागली हे तिला सांगता येत नाही. शू लागली तरी सांगता येत नाही, तिथंच होते. गाणं नाही, गोष्ट नाही, प्रश्न नाही. चिंधीची बाहुली मांडीवर घेते आणि तिलाही श्श श्श करते."

त्याच आठवड्यात ३१ जानेवारी होती. बाबासाहेबांनी १९२० साली ह्याच तारखेला 'मूकनायक' काढला, म्हणून तालुक्याच्या गावी माझं भाषण होतं. मुक्या समाजाला वाचा कशी फुटली, ह्यावर मी चार पानं लिहून ठेवली होती. ती पानं उशाखाली, आणि समोर माझी पोरगी, जिला मीच मुकं करून ठेवलेलं. बंधूंनो, त्या दिवशी मी भाषणाला गेलो नाही.

बाई शहाण्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, कान तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात कान तपासले, ते चांगले होते. मग त्या म्हणाल्या, आता औषध एकच, बोला. तिच्याशी बोला, तिला बोलू द्या. शेजारच्या आज्जींनी माझ्या झोपेची वेळ वाटून घेतली. त्या वेळात पोरगी त्यांच्याकडं, तिथं पाहिजे तेवढा दंगा. कामावर कानात घालायचे बोळे असतात ना, ते मी घरी घालून झोपू लागलो. जी अक्कल मशीनपुढं होती, ती लेकरापुढं सुचायला मला तीन वर्षं लागली. संध्याकाळी तिला सायकलच्या दांडीवर बसवून वस्तीतून एक फेरी. हा लिंब, ही पिठाची चक्की, हा नळ, ही आत्याची म्हैस. पहिले दोन महिने मी एकटाच बोलत होतो. तिसऱ्या महिन्यात एक दिवस तीच म्हणाली, "म्हैस कुठं गेली?" सायकल थांबवून मी रस्त्यात उभा राहिलो.

आज ती तिशीत आहे, नोकरी करते, तिला लेक आहे. तिचा आवाज अजून हळूच आहे. तो तिचा स्वभावही असेल. पण फोनवर तो ऐकला की मला ती खोली आठवते.

आता ह्यातून मी जे शिकलो ते सांगतो. तान्ह्या बाळाचं रडणं ही त्याची भाषा आहे. भूक, ओलं दुपटं, पोटात वारा, झोप, कुणीतरी जवळ घ्यावं, ह्या सगळ्याला त्याच्याकडं एकच शब्द असतो. उचललं की सवय लागते, असं आपल्यात म्हणतात. पहिल्या वर्षात उचलल्यानं लेकरू लाडावत नाही, आपण हाक मारली की कुणी येतं एवढं त्याला कळतं. बाळ 'अं' म्हणालं की आपणही 'अं' म्हणायचं. संभाषण तिथून सुरू होतं. वर्षाच्या सुमाराला एक-दोन शब्द येतात, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलता येतं. 'पाणी दे', 'आई ये', एवढं. ते येत नसेल, हाक मारल्यावर लेकरू वळत नसेल, तर 'आमच्यात उशिराच बोलतात' म्हणून बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

दीड-दोन वर्षांचं झालं की ते 'नाही' म्हणायला शिकतं. जेव म्हटलं की नाही, चप्पल घाल म्हटलं की नाही. बाजारात लोळण घेतं. चार लोक बघतात, आपल्याला लाज वाटते आणि आपण धपाटा घालतो. खरं तर त्याला तेव्हा नुकतंच कळलेलं असतं की मी वेगळा आहे आणि मलाही काही पाहिजे. पाहिजे ते सांगायला पुरेसे शब्द नसतात, म्हणून ते हातपाय आपटतं. अशा वेळी मारण्याचा उपयोग नाही आणि लाच देण्याचाही नाही. जवळ बसायचं, शांत होईपर्यंत थांबायचं, आणि नाही म्हटलेलं नाहीच ठेवायचं. हे सांगायला सोपं आहे, करताना घाम फुटतो. मला माझ्या नातीनं फोडला आहे.

आणि एक, खोटं सांगू नका. 'बागुलबुवा येईल', 'पोलीस नेईल', 'डॉक्टर सुई टोचेल', 'तू थांब, मी चॉकलेट घेऊन आलोच' असं सांगून मागच्या दारानं पसार! तथागतांनी राहुलला भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून खोट्याबद्दल समजावलं, ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. राहुल तेव्हा लहानच होता. पंचशीलातलं चौथं शील आपण रोज म्हणतो आणि घरात सगळ्यात जास्त खोटं दोन वर्षांच्या लेकराशी बोलतो. कामाला जाताना लेकरू रडलं तरी चालेल, पण 'मी कामाला जातो, दिवे लागल्यावर येतो' असं सांगून जा, आणि दिवे लागल्यावर या. दोन-चार दिवसांत ते दिव्यांची वाट बघायला शिकतं.

आरोग्याचं थोडं बोलतो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव काढले, पण पाळण्याला काळी बाहुली आणि लेकराच्या मनगटाला काळा दोरा अजून आहेच. आजारी पडलं की आधी मीठ-मिरच्या ओवाळतो. त्यात दोन दिवस जातात, आणि तान्ह्या लेकराला दोन दिवस फार होतात. डोळ्यांत काजळ घालू नका, त्यात शिसं असू शकतं. जन्मल्यावर मध चाटवू नका, वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही. पहिला चीक पिळून टाकू नका, तो अंगावरच पाजा. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, वर थोडं तेल-तूप.

जुलाब लागले की आज्या म्हणतात, पाणी बंद करा. अगदी उलट आहे. पाणी गेल्यानंच लेकरू दगावतं. आशाताईंकडं पाकीट मिळतं. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घोट-घोट देत राहायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. झिंकच्या गोळ्या सांगितल्या तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. डोळे खोल गेले, लघवी होईना, लेकरू मान टाकायला लागलं, तर मग कुणाला विचारत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

लशीचंही तसंच. पोलिओचे थेंब घराघरांत पाजले, म्हणून २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. गोवर तेवढा गेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली आणि लेकरं दगावली. वस्ती आपल्यासारखीच कष्टकऱ्यांची होती. गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी दीड वर्षाच्या आसपास. पहिलीनंतर ताप आला म्हणून दुसरी चुकवणारी घरं आपल्या गल्लीत आहेत. नावं घेत नाही, त्यांनी आजच कार्ड काढून बघावं.

आता मोबाईल. मी माझ्या पोरीला खेकसून गप्प केलं होतं. आज आपण मोबाईल देऊन गप्प करतो. घर शांत राहतं, जेवण पटकन होतं, पाहुण्यांत त्रास नाही. पण मोबाईल लेकराशी बोलत नाही, नुसता बोलतो. लेकरानं 'अं' म्हटलं तर तो थांबून उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत तो हातात द्यायचाच नाही, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत, तेही आपण शेजारी बसून, असं डॉक्टर सांगतात. दमून आलेल्या आईला हे अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणून तर मी बापांकडं बघून बोलतोय. ती भाकरी करते तेवढा अर्धा तास लेकरू कुणाकडं असतं? बाप आणि मोबाईल दोघंही घरात असतील, तर ते बापाकडं असावं.

शाळेचं. तीन वर्षांच्या लेकराला इंग्रजी नर्सरीत घालायला आपल्यातली माणसं बचत गटाचं कर्ज काढतात. शिकवण्याची ओढ चांगली आहे, ती बाबासाहेबांनी लावली. पण तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद आलेली नसते. त्याच्याकडून ओळी गिरवून घ्यायच्या, आणि घरात कुणाला येत नाही अशा भाषेत त्याला गप्प बसवायचं! हे पुन्हा 'बोलू नका'च झालं. आधी त्याला घरच्या बोलीत भरपूर बोलू द्या. इंग्रजी जरूर शिकवा, आपल्या भाषेत बोलका झालेला मुलगा ती पुढं शिकतो.

अंगणवाडीला आपण नावं ठेवतो, तिथं काय, खिचडीच मिळते म्हणतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला काम केलं. दलित, आदिवासी लेकरं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वाड्या-वस्त्यांवरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ह्या शब्दाचं मूळ तिथं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. म्हणजे ही आपल्या अंगणासाठीच काढलेली शाळा आहे. तिथं जाऊन बसा. गाणी होतात का, गोष्टी होतात का, बघा. होत नसतील तर विचारा, आणि होत असतील तर त्या बाईंचे आभार माना. माझी पोरगी त्यांनी बोलती केली.

शेवटचा मुद्दा, आणि तो पुरुषांसाठी. सिद्धार्थाला सात दिवसांचा ठेवून महामाया गेली आणि महाप्रजापती गौतमीनं त्याला वाढवलं. रमाईंच्या पोटची चार लेकरं लहानपणी गेली, एकटे यशवंतराव राहिले. हे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण बाबासाहेबांनी त्या दुःखावर पुढं काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. त्याच्या बाजूनं ते उभे राहिले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईला तान्ह्या लेकरासाठी पगारी रजा मिळावी, हा प्रश्न त्यांना सभागृहात भांडण्याएवढा मोठा वाटला. आणि आम्ही त्यांचे अनुयायी? मोर्चाला आम्ही पुढं, सभेला आम्ही पुढं, आणि लेकरू रडलं की, "अगं, बघ जरा त्याला."

ह्याच विहारात बघा. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असतं. मागं एखादं लेकरू रडतं, सगळे मान वळवून बघतात आणि ती आई उठून बाहेर जाते. माझ्या घरची बाईही अशीच उठून गेलेली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आमच्याकडं कित्येक वेळा वाचून झाला. तिनं एकदा मला विचारलं, "अहो, अंगुलिमालाचं शेवटी काय झालं? मी दर वेळी बाहेरच असते."

म्हणून मंडळापुढं मी तीन मागण्या ठेवतो. पहिली, वाचनाच्या वेळी मागच्या बाजूला एक चटई लेकरांसाठी अंथरायची. तिथं दर रविवारी दोन बापांनी बसायचं, पाळीनं. पाळी कशी लावायची हे गिरणी कामगारांना कुणी शिकवायला नको. लेकरू फारच रडलं तर ते घेऊन बापानं बाहेर जायचं. आईनं बसायचं आणि शेवटपर्यंत ऐकायचं. दुसरी, १४ एप्रिलच्या वर्गणीतून आवाजाच्या भिंतींवर जे जातं, त्यातला थोडा वाटा काढून चित्रांच्या गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी करायची. ती कुलपात ठेवायची नाही. पानं फाटली तर फाटू द्यायची. तिसरी, महिन्यातून एक दिवस अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई ह्यांना विहारात बोलवायचं, वजनं करायची, लशीची कार्डं तपासायची.

पहिल्या रविवारच्या पाळीला माझं नाव लिहा. माझी नात आता तीन वर्षांची आहे. सुट्टीला आली की ती विहारात ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पळते आणि मोठ्यानं ओरडते, "आबाऽऽ, मी आले!" परवा एका काकांनी ओठावर बोट ठेवून तिला गप्प बस म्हणून खुणावलं. त्यांची काही चूक नाही, मीही तसाच होतो. पण मी त्यांना हात जोडून म्हटलं, राहू द्या काका. आमच्या घरात हा आवाज यायला फार वर्षं लागली आहेत.